गुरुवारचं पाणी

बोटं भिंतीला लागली आणि तिनं डोकं वर काढलं. कानांत पाणी, डोळ्यांत पाणी, काही दिसेना. मग कठड्यापलीकडून आईची किंकाळीच ऐकू आली.

"दुसरी! अगं, दुसरी आलीस!"

दुसरी! म्हणजे अंतिम फेरीत! तिच्या पायांतला शीण कुठल्या कुठे पळाला. अंतिम फेरीत आठ मुली, त्यांतल्या पहिल्या चौघी शहराच्या संघात. कालव्यापलीकडच्या वस्तीतलं कुणी आजवर त्या संघात गेलं नव्हतं. जाणार तरी कसं? वस्तीचा वार बुधवार. बुधवारी संध्याकाळी दोन तास वस्तीतल्या पोरांनी पोहून घ्यायचं आणि गुरुवारी तलाव बंद. फाटकावर पाटी लागायची, 'पाणी बदलण्याचे काम चालू आहे.' शुक्रवारी सकाळी बाकीचं शहर ताज्या पाण्यात उतरायचं. लहानपणी तिला वाटायचं, आपलं काय लागतं त्या पाण्याला? आंघोळ तर आपण करून जातो.

गेल्या महिन्यात न्यायालयाचा निकाल लागला. तलाव सगळ्यांचा, सगळे दिवस. त्यानंतरची ही पहिली शर्यत. पहिल्या फेरीत एकेकीनं घड्याळावर पोहायचं होतं आणि तिला सगळ्यांत शेवटी उतरवलं होतं.

ती निथळत वर आली. पंपाच्या खोलीच्या दारात मामा उभा होता. या तलावाचे पंप वीस वर्षं तोच सांभाळत होता आणि हातपाय मारायला तिला त्यानंच शिकवलं होतं.

"काय गं बेडकी, दम लागला?"

"छे! अजून दहा फेऱ्या मारीन!"

"दहा नकोत. एकच मार, पण नीट मार."

अंतिम फेरीची शिट्टी झाली. पोहणं शिकवणाऱ्या बाईंनी आठ नावं वाचली. ती धावतच उडी मारायच्या पाचव्या ठोकळ्यावर चढली. काळीज नुसतं उड्या मारत होतं. तिनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. बाकीचे सात ठोकळे रिकामे होते.

मुली आपापल्या आईबापांजवळ उभ्या होत्या. आईबापांचा घोळका तलावाच्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलाभोवती जमला होता.

"न्यायालयाच्या निकालाला आमची ना नाही," चौथा ठोकळा मिळालेल्या मुलीचे वडील म्हणत होते. ते डॉक्टर होते. त्यांची मुलगी गेल्या वर्षी संघात पहिली होती. "पण आता ती मुलगी या पाण्यात पोहून आलीय. आधी पाणी बदला. मग आमच्या मुली उतरतील."

"बरोबर आहे," मागून दोघंतिघं म्हणाले.

"अहो, पाणी बदलायचं म्हणजे पुरा एक दिवस जाईल," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आणि संघाची यादी आज पाचच्या आत पाठवायचीय."

मॅनेजरसाहेबांनी डोकं खाजवलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "सोपं आहे! गेल्या वर्षीचाच संघ पाठवू. शर्यत पुढच्या वर्षी घेऊ. कुणाचं मन दुखवायला नको."

घोळक्यात समाधानाची कुजबुज झाली. एवढं पोहून, दुसरी येऊन, सगळं पाण्यात? तिनं मामाकडे पाहिलं. मामा खाली मान घालून फरशीकडे बघत होता. नेहमीसारखा.

"मामा, बोल की काहीतरी!" ती ओरडली. "तू नेहमी गप्पच बसतोस!"

"त्याचं काय काम बोलायचं?" मॅनेजर म्हणाले. "ए पंपवाल्या, ऐकलंस ना? जा, तळाचा व्हॉल्व्ह उघड. सोड सगळं पाणी."

मामा जागचा हलला नाही.

"अरे, बहिरा झालास का?"

"नाही साहेब. व्हॉल्व्ह उघडत नाही."

"उघडत नाही म्हणजे? निकालाआधीच्या गुरुवारी उघडलास ना?"

"नाही. त्याच्या आधीच्याही नाही." मामानं मान वर केली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "नऊ वर्षांपूर्वी तो व्हॉल्व्ह गंजून बसला, साहेब. दुरुस्तीसाठी तीन अर्ज दिले. कुणी वाचले नाहीत. पाणी सोडता येईना आणि सांगायला गेलो तर नोकरी जाईल अशी भीती. म्हणून दर गुरुवारी पाटी लावली, फिल्टर चालवला, औषध टाकलं आणि गप्प बसलो. शुक्रवारी तुम्ही लोक उतरायचात आणि म्हणायचात, ताज्या पाण्याची मजाच वेगळी."

फिल्टरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मॅनेजर खुर्चीत बसले.

"म्हणजे नऊ वर्षं..." डॉक्टरांनी तोंडावर रुमाल धरला. "नऊ वर्षं आम्ही त्यांच्याच पाण्यात..."

"आणि आम्ही तुमच्या, डॉक्टरसाहेब," मामा म्हणाला. "आम्हाला तर काही झालं नाही बुवा."

शिकवणाऱ्या बाईंना हसू आवरेना. त्यांनी तोंड फिरवलं.

डॉक्टरांची मुलगी मात्र हसली नाही. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं वडिलांचा हात सोडवला, पोहायचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि भराभर चालत चौथ्या ठोकळ्यावर जाऊन उभी राहिली, पाचव्या ठोकळ्याच्या अगदी शेजारी.

"खाली उतर!" डॉक्टर ओरडले.

"बाबा," ती म्हणाली, "मला पोहायला लागून सहाच वर्षं झालीत. मला दुसरं पाणी माहीतच नाही."