तार उलटी जोडली

"माधवी, तार उलटी जोडली तू!" विज्ञानाच्या कांताबाई मंचावरच कुजबुजल्या. "कप खराब होईल ना वं."

"होऊ द्या, बाई," माधवी म्हणाली.

ब्रह्मपुरीजवळच्या त्या गावात शाळेचं विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. दहावीतल्या माधवीनं मोटारसायकलच्या बॅटरीवर लोखंडी किल्लीला तांब्याचा थर चढवून दाखवला आणि पहिला नंबर पटकावला. संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी आपल्या पिशवीतून नवाकोरा कप काढला. "माझ्या वडिलांच्या नावाचा. दरवर्षीसारखा अस्सल चांदीचा!" त्यांनी माइकवर ठणकावून सांगितलं. टाळ्याच टाळ्या! मग पोरीनं विचारलं, "भाऊ, याच्यावरच एक प्रयोग करू का?" भाऊ फुलून गेले. "कर ना, बेटा!"

ह्याच अस्सल चांदीनं तिच्या बापाला खाल्लं होतं. रामाजी याच प्रयोगशाळेचा शिपाई. वीस वर्षांत काचेची एक नळी त्याच्या हातून फुटली नाही. गेल्या वर्षी शाळेच्या कपाटातला, गुणवंतरावांनीच दिलेला कप घासता घासता काठावर लालसर पडला, तर यानंच भोळेपणानं तो अध्यक्षांना नेऊन दाखवला. झालं! रामाजीनं चांदीचा कप विकला आणि तांब्याचा आणून ठेवला, असा बोभाटा झाला. भर मैदानात, पोरांच्या रांगांसमोर, गुणवंतरावांनी त्याला खिसे उलटे करायला लावले. नोकरी तर गेलीच. तेव्हापासून रामाजी पौर्णिमेला विहारातसुद्धा गेला नाही. तोंड चुकवत परगावच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला जायचा.

माधवी रडली नाही. दातओठ खात तिनं वर्षभर एकच धडा घोटला. वितळलेल्या मिठात वीज सोडली की ऋण टोकाला सोडियम निघतो. मिठाच्या पाण्यात मात्र पाणीच मध्ये पडतं, आणि तिथं हायड्रोजनचे बुडबुडे येतात. धातूचा थर चढवायचा तर वस्तू ऋण टोकालाच जोडायची. "चुकून धन टोकाला लावाल," कांताबाई दर तासाला बजावायच्या, "तर आहे तो थरही उतरून जाईल." चुकून! माधवीनं ते वाक्य वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. पहिला नंबर तिला कसंही करून हवा होता.

आता कप मिठाच्या पाण्यात अर्धा बुडला होता. जुन्या सेलमधली कार्बनची कांडी ऋण टोकाला फसफसत होती. कप आधी काळवंडला. पुढच्या रांगेतले लोक हसायला लागले.

"अवं पोरी, काऊन सत्यानाश करून राह्यली?" गुणवंतराव खुर्चीतून ओरडले.

माधवी ढिम्म हलली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग कपाभोवतीचं पाणी हिरवं व्हायला लागलं, शेवाळलेल्या बोडीतल्या पाण्यासारखं. तिनं तार काढली आणि कप ओढणीनं खसाखसा पुसला. काळी साल निघाली. खाली लालभडक तांबं होतं.

"बाई," तिनं माइकवर विचारलं, "चांदीनं पाणी हिरवं होते का?"

कांताबाईंनी आधी कपाकडं पाहिलं, मग अध्यक्षांकडं. नोकरी त्यांचीही त्याच संस्थेत होती. पण त्या मोठ्यानं बोलल्या. "नाई. तांब्यानं होते."

गुणवंतराव ताडकन उठले. मान घामानं निथळत होती. "कप बदलवला! कोनीतरी बदलवला माहा कप!"

वर्षभर हेच ऐकायला ती थांबली होती. तिनं तो लाल कप सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"तुमच्या पिशवीतून निघाला, भाऊ. याले तर माह्या बाबानं हातई नाई लावला. आता खिसे कोनाचे उलटे कराचे?"