बशीत पाणी साचू द्यायचं नाही

"यातलं एक जरी रोप जगलं ना देसांका, तर मी मिशा उतरवीन!" तळमजल्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत चढून आलेला शेजारी सावा धापा टाकत म्हणाला.

देसांकाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. झारी कुंडीत पुरती रिकामी केली.

शेजारीण रुझाच्या दारासमोर, जिन्याच्या खिडकीत तिच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. जेड, कोरफड, दोन निवडुंग आणि लांब टोकदार पानांची सासूची जीभ. अशी रोपं साऱ्या इमारतीत कुणाकडे नव्हती. आणि देसांकाइतकी रोपं साऱ्या इमारतीत कुणी मारली नव्हती. तिच्या घरी पुदिनासुद्धा कुजून गेला होता.

रुझा समुद्रावर गेली होती. बार नावाच्या बंदराच्या गावी, किनाऱ्यावर तिच्या लेकाचं हॉटेल होतं आणि इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच आईला बोलावलं होतं. रुझाने ही बातमी पावाच्या दुकानापासून पोस्टापर्यंत सगळ्यांना सांगितली. नवी पेटी घेतली, फुलाफुलांची टोपी घेतली. मग देसांकाला कुंड्यांपाशी उभं करून पढवलं.

"बोट मातीत खुपसायचं. ओलं लागलं तर पाणी नाही. पान सुरकुतलं की मगच द्यायचं, पण पोटभर. आणि खालच्या बशीत उतरलेलं पाणी ओतून टाकायचं, साचू द्यायचं नाही. मुळं कुजतात. कळलं?"

"कळलं गं बाई. रोपं आहेत की जावई?"

"या मजल्यावरचे बाकीचे सगळे गावी गेलेत म्हणून तुझ्या हाती देतेय, एवढं लक्षात ठेव."

बस पहाटेची होती. निरोप द्यायला कुणी उठू नका, असं रुझाने बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले दिसले.

आणि देसांका पाणी घालू लागली. पहिल्या दिवशी बोट खुपसून, दुसऱ्या दिवशी अंदाजाने आणि तिसऱ्या दिवसापासून सरसकट, झारीभर. वर रोपांशी मोठमोठ्याने गप्पाही मारायची. उद्या दुपारपर्यंत नळाला पाणी नाही. पावाच्या दुकानातल्या पोरीने लग्न मोडलं. रोपांशी बोललं की ती वाढतात, हे कुणालाही ठाऊक आहे.

निश शहराच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराची भट्टी होते. म्हणून ती जेवणाची ताटलीही निवायला त्याच खिडकीत ठेवायची. कधी भरल्या मिरच्या, कधी चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी. थोड्या वेळाने आली की ताटली रिकामी.

"तिसऱ्या मजल्यावरचा बोका," ती सावाला सांगायची. "मेला वास काढत येतो."

"मग ठेवतेस कशाला?"

"मग काय उकाड्यात गरम गिळू?"

नवल म्हणजे रोपं जगली. नुसती जगली नाहीत, निवडुंगाने कळी धरली. रोज सकाळी बश्या कोरड्या ठणठणीत असत. "तहानलेली होती बिचारी," देसांका जिन्यात भेटेल त्याला सांगे. सावा मात्र मिशीवरून हात फिरवी.

पंधरवड्याने रुझा परतली. सावा वर आला तेव्हा ती फुलाफुलांची टोपी घालून, नवी पेटी शेजारी ठेवून, आपल्या दाराशी उभी होती.

"काय गं, समुद्रावर जाऊन आलीस आणि गोरीच्या गोरी?"

रुझाने टोपी सारखी केली. देसांका पटकन मध्ये पडली. "शहाणी माणसं छत्रीखाली बसतात, सावा. उन्हात तुझ्यासारखे भाजून घेतात. लेकाने ठेवलं ना गं नीट?"

"राणीसारखं," रुझा म्हणाली. "हलूच देत नव्हता." तिने जेडच्या मातीत बोट खुपसलं. "पाणी जरा जास्तच होत होतं तुझं."

"माझा हातच सैल, काय करू?"

"पण जगली."

"जगली तर! कळी धरलीय, बघ." देसांकाची मान अशी ताठ झाली की सावाला हसू आलं. लेकीच्या लग्नातही तिला एवढा अभिमान वाटला नव्हता. "आता उतरव मिशा!"

सावा मिशी झाकत जिना उतरला. रुझा पेटी घेऊन आत गेली आणि दार लावण्याआधी क्षणभर थांबली.

देसांकाने खिडकीतली ताटली उचलली. बोक्याने ती रोजच्यासारखी घासून, पुसून, पालथी घालून ठेवली होती.