अर्धा इंच मेण

शिवांगीने मेणबत्तीच्या काचेच्या ग्लासचा तळ विनयसमोर ठेवला. चार तुकडे, नीट जुळवलेले. आग लागलेल्या घरातली काच का फुटली, हे शोधणं हेच तिचं काम. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्याच्या घराची राख तिने दोन दिवस चाळली होती. विनयला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. काच खराब निघू दे, म्हणजे आई दोषातून सुटेल.

भांडण म्हणाल तर एवढंसं होतं. बायकोने, नीलांबरीने, हौसेने आणलेली काचेच्या ग्लासातली व्हॅनिलाच्या वासाची मेणबत्ती आईने थेट देवापुढे नेऊन ठेवली. अर्धा इंच मेण उरलं की विझवा, असं त्या काचेवर छापलेलं. नीलांबरीने ते दोनदा वाचून दाखवलं. आईचं म्हणणं, देवापुढची ज्योत फुंकायची नसते. दोघीही मागे हटेनात. शेवटी विनय बूट घालता घालता म्हणाला, "जाऊ दे ना नीलू, विझेल आपोआप," आणि त्याने शिकागोची ट्रेन गाठली. दुपारी आई शेजारच्या काकूंबरोबर फिरायला गेली. नीलांबरी अंगात ताप म्हणून वरच्या खोलीत झोपली होती. आग लागली, आणि ती खाली आलीच नाही.

"तड्यांच्या सगळ्या रेषा इथून निघतात बघा," शिवांगी म्हणाली. "वातीच्या बरोबर खाली. स्क्रॅच नाही, बुडबुडा नाही. मेण संपलं, ज्योत तळाला टेकली आणि काच तडकली. डिफेक्ट नाहीये, सॉरी. वेळेत विझवली असती तर..."

विनयला स्वतःची किळस आली. तो उठला.

भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये आई दाराशीच खुर्ची टाकून बसली होती. महिनाभर तिच्या पोटात धड अन्न नव्हतं.

"काय निघालं?" तिने विचारलं. "माझ्यामुळेच ना?"

एक गेली होती, दुसरी डोळ्यांदेखत चालली होती. खरं बोलण्याचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"नाही गं आई. काचच खराब होती."

आई बराच वेळ रडली. मग तिने चेहरा पुसला आणि महिन्यात पहिल्यांदा पाठ टेकून बसली.

"बघ, मी म्हणतच होते," ती म्हणाली. "नीलांबरी उगीच वाद घालत होती."

"हो," विनय म्हणाला.