हरवलेल्या डिस्क

बुवापाड्याच्या स्वप्नालीला डिस्क गोल्फमध्ये करिअर करायचं होतं. थाळीसारखी डिस्क लांबून फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकायची, हा तिचा खेळ. उल्हासनगरच्या कॅम्प १ मधले टेकचंदशेठ खर्च करायला तयार झाले, पण डिस्कवर त्यांच्या कुकरच्या दुकानाचं नाव आणि नंबर छापून.

बदलापूरच्या स्पर्धेत नेमका वारा सुटला. तिच्या डिस्क कुंपणापलीकडे, लोकांच्या अंगणात आणि गॅलऱ्यांत जाऊन पडल्या. ती शेवटची आली.

दोन दिवसांनी ती मान खाली घालून दुकानात गेली.

"सॉरी शेठ, सगळ्या डिस्क हरवल्या."

"हरवल्या कुठे? लोक फोन करून आणून देतात, आणि जाताना कुकर नेतात." शेठनी तिच्यासाठी चहा मागवला. "पुढच्या वर्षीपण खर्चा माझा. बस बेटा, प्रॅक्टिस थोडी कमी कर."