पहिल्या क्रमांकाचा वाचक

"मथळा भडक नसेल तर लोक बातमीला बोटही लावत नाहीत," असं म्हणत संपादकांनी साध्या मथळ्यांचा हट्ट धरणाऱ्या उपसंपादिकेपुढे वाचकांची यादी सरकवली. "हा बघ, आपल्या साइटचा पहिल्या क्रमांकाचा वाचक. टोपणनाव खमक्या. दिवसाला साठ वेळा येतो. त्यालाच फोन करून विचार, कशासाठी येतो ते. साधे मथळे आवडतात म्हणाला, तर तुझं खरं. नाहीतर उद्यापासून 'वाचून हादराल' तू लिहायचंस."

खमक्याला सगळं ऑफिस ओळखत होतं. बातमी पुलाची असो की पगाराची, खाली प्रतिक्रियांत हा दंड थोपटून उभा. 'अक्कल चरायला गेलीय का?' ही त्याची सौम्य भाषा. निवृत्त फौजदार असणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं. तिच्या मात्र तो डोक्यात जायचा. घरी वडील गेल्यापासून आई 'हो' आणि 'बरं' यांपलीकडे बोलत नव्हती. चार महिने झाले, आईच्या एका पुऱ्या वाक्यासाठी ती आसुसली होती. आणि हा बाबा इथे शब्दांची उधळपट्टी करत होता.

तिनं ऑफिसच्या फोनवरून नंबर फिरवायला घेतला. सात आकडे दाबले आणि बोट थबकलं. पुढचे तीन तिला पाठ होते. वडिलांचा नंबर. तो बंद करायचा राहूनच गेला होता. तिनं उरलेले तीनही दाबले.

"कोण आहे? लवकर बोला, इथे एकाला सरळ करायचंय!" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"आई? खमक्या... तू?"

 मग आई खळखळून हसली.

"अगं, चाळीस वर्षं आम्ही रोज भांडलो. पंख्यावरून, खिडकीवरून, उशीवरून. तू तर मी काचेची असल्यासारखी जपून बोलतेस. मग भांडू कुणाशी? तुमच्याकडे लोक कसे तयारच बसलेले असतात!"

"आणि बातम्या?"

"त्या कोण वाचतंय! जाहिरातीसुद्धा बघत नाही. सरळ खाली जाते."

खमक्या बातम्या वाचतच नाही, सरळ खाली प्रतिक्रियांत जातो, एवढंच तिनं संपादकांना सांगितलं. ते डोकं खाजवत म्हणाले, "म्हणजे गर्दी सगळी दारात आणि दुकानात चिटपाखरू नाही!"

त्या संध्याकाळी पहिलाच घास घेऊन ती म्हणाली, "मीठ कमी आहे."

मीठ अगदी बरोबर होतं.

आईनं हातातला डाव ठेवला. "मीठ कमी? जीभ दाखव आधी! अगदी बापावर गेलीयेस!"

भांडण मिठावरून वडिलांच्या घोरण्यावर गेलं, तिथून त्यांच्या हरवलेल्या छत्र्यांवर. दोघी हसून हसून रडल्या. जेवण पार गार झालं.

आठवड्यानं संपादक काळजीत दिसले. "खमक्या एकदाही फिरकला नाही गं. म्हातारा आजारी तर नसेल?"

"छे हो," ती म्हणाली. "त्यांना घरीच कुणीतरी भांडायला मिळालंय."