सभ्य कान

नवं कानयंत्र बसवून शेवंता इचलकरंजीच्या दवाखान्यात पोचली, तेव्हा हौसाही तसलंच यंत्र कानात घालून खाटेवर बसून होती. उद्या तिच्या काळजाचं ऑपरेशन होतं.

"यावे शेवंताबाई, बसावे," हौसा म्हणाली.

शेवंता चरकली. आवाज हौसाचाच, पण ही भाषा कुठली? वीस वर्षं दोघींनी यंत्रमागाच्या एकाच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या, पण शिवी घातल्याशिवाय हौसानं तिला कधी हाक मारली नव्हती. त्यांच्या गल्लीत बायका एकमेकींना अहो-जाहो करायच्या ते भांडण झाल्यावरच.

"माझं काय चुकलं गं?"

"प्रिय मैत्रिणी, आपण उदास का आहात? माझे निधन झाल्यास आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे."

शेवंतानं पिशवी उचलली, ठेवली, परत उचलली. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, कानात वाक्य अजून चालू होतं आणि हौसाचं तोंड कधीच मिटलं होतं.

यंत्र बसवणारा म्हणाला होता, "आजी, नव्या नियमानं गावठी शब्द आतच गाळून त्यांच्या जागी सभ्य शब्द घातले जातात."

शेवंतानं यंत्र उपटून काढलं. सगळं सामसूम झालं. मागांच्या खडखडाटात तरी कुठं काय ऐकू यायचं? तेव्हा दोघी एकमेकींचे ओठ वाचायच्या.

"पुन्यांदा बोल."

हौसाचे ओठ हलले, 'अगं भवाने, तोंड का पाडलंस? मी मेले तर गळा काढायला तूच पायजेस, टवळे!'

शेवंता मटकन खाटेवर बसली. हात लांब करून तिनं हौसाच्याही कानातलं यंत्र काढलं, आणि मगच तिला मनसोक्त शिवी घातली.