चोवीस मुलांची सहल

"तेवीस," व्हिओलेता म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

नोव्हा हुता या पोलंडमधल्या जुन्या पोलादनगरीच्या मधल्या चौकात सकाळपासून ही चौथी शाळा. सगळ्यांची पोरं नियमाप्रमाणे पिवळ्या जाकिटांत. मोजताना डोळे दिपायचे.

"बाई, इग्नात्सी तिकडे कमानीच्या खांबामागे आहे," बोग्ना म्हणाली.

"काय करतोय तिथे?"

"मेलाय. तो संपावरचा कामगार झालाय."

"त्याला म्हणावं, ऊठ. संप मधल्या सुट्टीत."

चोवीस. व्हिओलेताने श्वास सोडला.

बदली शिक्षिका म्हणून तिसरीच्या वर्गावर तिचा हा दुसरा दिवस. आधीच्या बाई वसंतातल्या सहलीत एक पोरगा प्राणिसंग्रहालयात विसरून आल्या होत्या. पोरगा माकडांपाशी मजेत सापडला, पण बाईंची नोकरी गेली. आज सकाळी फाटकातच हेडबाई चुबाक यांनी बजावलं होतं, "चोवीस नेताय, चोवीस आणा. आणलेत तर आजच्या आज कायम करते. तेवीस आणलेत, तर..."

पुढचं त्या बोलल्या नाहीत. व्हिओलेताने तीन वर्षांत पाच शाळा पाहिल्या होत्या. पुढचं तिला पाठ होतं.

"तर पोरांनो!" वाटाडे गेरार्डकाका गरजले. जन्मभर पोलादाच्या भट्टीपाशी राहिलेला माणूस, हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. "या रस्त्याला चारशे दारं मंजूर झाली. चारशे आली. बसवायला गेलो तर सगळी तळघराची!"

"मग?"

"मग काय! कागदावर चारशे, हातात चारशे. साहेबाला पदक मिळालं. आणि आम्ही दोन वर्षं वाकून घरात गेलो."

"काका, तुमचं पोट पण मंजूर झालं होतं का?" इग्नात्सीने विचारलं.

"मंजूर झालं त्याच्या दुप्पट भरलं, बाळा."

पोरं खिदळली. व्हिओलेताचं कपाळ ठणकायला लागलं. दोन तासांत तिघांनी उलटी केली होती, दोघांनी एकमेकांची टोपी कचऱ्यात टाकली होती आणि एकाला मंजूर नसलेल्या जागी लघवी करायची होती.

त्यात गेरार्डकाका कानाशी लागले. "बाई, नेटवर पाच तारे द्याल ना? परवाच्या बाईंनी चारच दिले हो. नंबर द्या तुमचा, आठवण करतो."

एकदाचे गप्प बसावेत म्हणून तिने नंबर दिला. लगेच गाडीवाल्याचा फोन आला. "अर्ध्या तासात निघालो नाही तर माझे गाडी चालवायचे तास संपतात. मग तुम्ही चालवा."

"आता बास," ती काकांना म्हणाली. "निघतो आम्ही."

"तळघर न बघता? हवाई हल्ल्यापासून लपायचं तळघर आहे ते! पोरं जन्मभर शिव्या घालतील तुम्हाला. पाच मिनिटं!"

पोरं तोवर जिन्याने खाली पोचलीही होती.

खाली एकच लांबलचक बोगदा. एका टोकाला आत यायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर. आत आधीच एक शाळा घुसून बसली होती. काकांनी दिसेल त्याच्या तोंडावर विषारी वायूचा मुखवटा चढवला, दिवे घालवले आणि भोंगा सुरू केला.

"मी परत मेलो!" अंधारात इग्नात्सी ओरडला.

व्हिओलेताचा संयम संपला. भिंतीला घासत, कोपरं मारत ती पुढे घुसली, बाहेरचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"एकेक करून बाहेर! मुखवटा पेटीत, तोंड बंद! शाळा येईपर्यंत जो बोलेल त्याचं नाव वहीत. एक, दोन, तीन..."

चोविसावं पिवळं जाकीट बाहेर आलं तशी तिने हुश्श केलं आणि दार ओढून घेतलं. आत अजून गर्दी होती, पण ती दुसऱ्या शाळेची. ज्यांची त्यांनी मोजावीत.

गाडी सुटायला तीन मिनिटं बाकी होती.

आणि मग चमत्कार झाला. ऐंशी किलोमीटर कोणी चकार शब्द काढला नाही. उलटी नाही, टोपी नाही, मारामारी नाही. इग्नात्सीचासुद्धा आवाज नाही. व्हिओलेताने मागे वळून बघितलंही नाही. शांत झालेल्या पोराकडे बघू नये, बघितलं की ते सुरू होतं. इतकंच होतं तर सकाळीच एकदा ओरडायला हवं होतं, असं तिला वाटून गेलं.

समोरच्या आरशात दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीचा हात तेवढा वर दिसत होता.

"लघवी?"

मुलीने मान हलवली. नाही.

"मग हात खाली."

दोन मिनिटांनी हात पुन्हा वर. व्हिओलेताने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

तेवढ्यात फोन वाजला. गेरार्डकाका. तिने कट केला. पुन्हा वाजला. सहाव्या वेळी तिने फोनच बंद केला. "पाच तारे हवेत मेल्याला!"

गाडी वीस मिनिटं आधीच पोचली. पालक अजून यायचे होते. फाटकात चुबाकबाई एकट्याच उभ्या होत्या. सातशे पोरांच्या शाळेत चेहरे बघायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. त्यांचं बोट रांगेवरून सरकत गेलं.

"चोवीस," त्या म्हणाल्या. मग पुन्हा मोजलं. "चोवीसच! आणि एवढी गप्प? काय केलंत काय?"

"शिस्त, बाई."

चुबाकबाईंनी पिशवीतून नेमणुकीचा कागद काढला, गाडीच्या पत्र्यावर टेकवून सही ठोकली आणि तिच्या हातात दिला. "शाब्बास. अशीच माणसं हवीत मला."

व्हिओलेताने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. दिवसभरात पहिल्यांदाच तिला त्या पोरांची माया आली. ती मुलगी अजून हात वर करूनच उभी होती. बिचारी.

"बोल गं राणी, आता बोल," तिच्या डोक्यावरून हात फिरवत व्हिओलेता म्हणाली. "मघापासून काय विचारायचंय तुला?"

मुलीने एकदा शाळेकडे पाहिलं, एकदा चुबाकबाईंकडे.

"बाई, हे कुठलं गाव?"